चाळिशीनंतरची दृष्टी आणि डोळ्यांचे डॉक्टर: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पन्नाशी-साठीतली माणसं आणि त्याहून जास्त त्यांची मुलं-सुना जे प्रश्न पुन्हा पुन्हा पाठवतात, ते इथे एकत्र केले आहेत. बहुतेक प्रश्नांमागची शंका एकच असते: हे वयाचं आहे की आजाराचं? त्यासाठी आधी दोन गोष्टी पाहा. त्रास एका डोळ्याला आहे की दोन्ही? आणि तो महिनोन्‌महिने वाढत आला की एका दिवसात उपटला? दोन्ही डोळ्यांनी हळूहळू कमी दिसू लागलं असेल तर आठवडाभराने गेलात तरी सहसा बिघडत नाही. एका डोळ्याचं अचानक गेलेलं दिसणं मात्र उद्यावर टाकता येत नाही.

१. कोणत्या लक्षणांसाठी त्याच दिवशी, रात्र असली तरी, निघायचं?

- एका डोळ्याने दिसणं काही क्षणांत गेलं. दुखत नसलं तरी, आणि पाच-दहा मिनिटांनी परत आलं तरी. डोळ्याच्या आतल्या पडद्याची (रेटिनाची) रक्तवाहिनी बंद झाल्याची ही खूण असू शकते. ती पक्षाघाताइतकीच तातडीची मानतात, आणि हाताशी वेळ असतो तो काही तासांचाच.
- नवे काळे ठिपके, कडेला वीज चमकल्याचा भास किंवा एका बाजूने सावली सरकत येणं (प्रश्न १५).
- लाल, कडक, भयंकर दुखणारा डोळा, सोबत उलट्या आणि दिव्याभोवती इंद्रधनुषी वलयं (प्रश्न ११).
- अचानक एकाचे दोन दिसू लागणं. एक डोळा झाकून पाहा. दुसरं चित्र गेलं, तर दोष डोळ्यांच्या स्नायूंचा किंवा नसांचा, म्हणजे तातडीचा. एकाच डोळ्याने दोन दिसत असतील तर बहुधा मोतीबिंदू, कोरडेपणा किंवा चष्म्याचा नंबर. ते चार दिवस थांबू शकतं.
- सरळ रेषा एकाएकी वाकड्या दिसू लागणं (प्रश्न १४).
- पन्नाशीनंतर नव्याने सुरू झालेली डोकेदुखी, केस विंचरताना टाळू दुखणं, घास चावताना जबडा भरून येणं आणि त्याबरोबर दिसण्यात कसलाही फरक. हा रक्तवाहिनीच्या सुजेचा आजार असेल तर उपचारांविना दुसरा डोळाही काही दिवसांत जाऊ शकतो.

पापणी खाली उतरली, तोंड वाकडं झालं, बोलणं अडखळलं किंवा हातापायातली शक्ती गेली, तर डोळ्यांचा दवाखाना शोधत बसू नका. १०८ ला फोन करून मोठ्या रुग्णालयात जा.

२. घरच्या घरी डोळे तपासता येतात का?

थोडेफार. मुख्य नियम एकच: एका वेळी एकच डोळा. दोन्ही उघडे असले की चांगला डोळा वाईटाची उणीव भरून काढतो, म्हणून एका डोळ्याची दृष्टी निम्मी झाली तरी कित्येकांना पत्ता नसतो. तळहाताने डोळा झाका, पण दाबू नका. दाबलेला डोळा नंतर थोडा वेळ धूसरच दिसतो. दूरचा चष्मा लावून समोरच्या भिंतीवरचं कॅलेंडर वाचा, जवळचा लावून पेपर. मग गणिताच्या वहीचं चौकडीचं पान घ्या, मधोमध पेनाने ठिपका काढा, जवळचा चष्मा लावून ते फूटभर अंतरावर धरा आणि ठिपक्याकडेच पाहत राहा. रेषा वाकतात का, एखादी चौकट पुसट किंवा गायब आहे का? आठवड्यातून एकदा एवढं पुरे. काचबिंदू यातून कळत नाही, हे ध्यानात असू द्या.

३. चाळिशी का लागते, आणि नंबर वाढत कुठवर जातो?

जवळचं पाहताना डोळ्यातलं भिंग फुगतं. वयानुसार ते ताठर होत जातं आणि फुगणं कमी होतं. म्हणून आधी मोबाइल लांब धरावा लागतो, औषधाच्या पाकिटावरची तारीख उजेडात न्यावी लागते. साधारण ४०–४५ मध्ये +१.०० पासून सुरुवात होते, साठीपर्यंत नंबर +२.५० च्या आसपास जातो आणि तिथे बहुधा स्थिरावतो. ज्यांना आधीपासून -२ ते -३ नंबर आहे, ते चष्मा काढून वाचतात; त्यांनाही चाळिशी लागलेली असतेच, फक्त झाकली जाते.

४. चष्मा लावला की सवय लागते आणि नंबर वाढतो, म्हणून टाळतोय. बरोबर ना?

नाही. नंबर वयाने वाढतो, चष्म्याने नाही. न लावल्याने डोळा बिघडत नाही आणि लावल्याने आळशी होत नाही. टाळून हाती लागते ती डोकेदुखी. डोळ्यांच्या व्यायामाने भिंग मऊ होत नाही, तेव्हा ‘चष्मा घालवा’ छापाच्या जाहिरातींवर पैसे घालवू नका.

५. दुकानात मिळणारा तयार चष्मा चालेल का?

दोन्ही डोळ्यांना सारखाच नंबर लागतो आणि आडवा-तिरपा (सिलिंडरचा) नंबर अजिबात नाही, अशांना वाचण्यापुरता चालतो. डोळा खराब होत नाही. अडचण वेगळीच: तयार चष्म्याने भागलं की माणूस तपासणीलाच जात नाही, आणि पहिल्या चष्म्याच्या निमित्ताने व्हायची ती पडदा आणि डोळ्यातल्या प्रेशरची तपासणी दहा-दहा वर्षं राहून जाते. चष्मा कुठूनही घ्या, तपासणी चुकवू नका.

६. नवा चष्मा लावून जिना उतरताना पायरी चुकते. नंबर चुकला का?

बहुधा नाही. बायफोकल किंवा प्रोग्रेसिव्ह काचेचा खालचा भाग वाचनासाठी असतो. जिना उतरताना नजर नेमकी त्यातून जाते आणि पायरी धूसर, वर आल्यासारखी दिसते. नजर नाही, मान खाली घाला. प्रोग्रेसिव्हची सवय व्हायला एक ते दोन आठवडे लागतात. त्यानंतरही गरगरत असेल तर फ्रेम नाकावर नीट बसते का आणि काचेचं केंद्र बाहुलीसमोर येतं का, हे दुकानातच मोजून घ्या. आधी पडलेल्या किंवा तोल जाणाऱ्या वृद्धांना चालण्या-फिरण्यासाठी नुसता दूरचा चष्मा वेगळा करून दिलेला बरा.

७. वडील सत्तरीत चष्म्याशिवाय पेपर वाचू लागले. दृष्टी सुधारली का?

घरात आनंद होतो खरा, पण ही बहुतेक वेळा मोतीबिंदूची सुरुवात असते. भिंगाचा गाभा घट्ट होत गेला की डोळा मायनस नंबरकडे सरकतो: जवळचं चष्म्याविना दिसतं, दूरचं बिघडतं. दुसरं कारण वाढलेली साखर. तिनेही नंबर काही आठवडे इकडेतिकडे होतो. म्हणून आधी साखर तपासा. साखर बेताल असताना केलेला चष्मा महिन्या-दीड महिन्यात बाद होतो. ती आटोक्यात येऊन चार-सहा आठवडे गेल्यावरच नंबर काढा.

८. मोतीबिंदू पूर्ण पिकल्यावरच काढायचा असतो ना?

ही जुन्या शस्त्रक्रियेच्या काळातली समजूत. तेव्हा संपूर्ण भिंग एकसंध बाहेर काढत, म्हणून थांबत. आज फेको पद्धतीत दोन-तीन मिलिमीटरच्या छेदातून भिंग आतच फोडून ओढून घेतात आणि घडीची लेन्स बसवतात. भिंग जितकं कडक, तितकी फोडायला ऊर्जा जास्त लागते आणि डोळ्यापुढच्या पारदर्शक काचेच्या (कॉर्नियाच्या) आतल्या पेशींना इजा जास्त; त्या पेशी पुन्हा तयार होत नाहीत. फारच पिकलेला मोतीबिंदू फुगून किंवा पाझरून डोळ्याचं प्रेशर चढवतो, मग ऑपरेशन घाईत आणि जोखमीत होतं.

उलट टोकही आहे. तपासणीत मोतीबिंदू दिसला, पण तुमचं काही अडत नाही, तर उद्याच टेबलावर झोपायची गरज नाही. अडतं का, हे तुमच्या कामावरून ठरतं. रात्री समोरच्या गाडीच्या दिव्याने डोळे दिपतात, बसची पाटी वाचता येत नाही, सुईत दोरा जात नाही, तांदळातला खडा दिसत नाही, किंवा चष्म्याचा नंबर वर्षात दोनदा बदलला: यातलं काही असेल तर वेळ आली. पडद्याचा आजार असेल आणि मोतीबिंदूमुळे पडदा दिसत नसेल, तरीही तो लवकर काढतात. ऋतूचा संबंध नाही. थंडीची वाट पाहू नका. थेंब, मध, कांद्याचा रस यांपैकी कशानेही मोतीबिंदू विरघळत नाही.

९. ऑपरेशनच्या आधी डॉक्टरांना काय सांगायला विसरू नये?

प्रोस्टेटची गोळी. टॅमसुलोसिन घेणाऱ्यांचं बुबुळ (बाहुलीभोवतीचा रंगीत भाग) ऑपरेशनच्या वेळी लुळं पडतं. आधी माहीत असेल तर सर्जन तयारी ठेवतात. गोळी बंद केली असली तरी सांगा, कारण परिणाम पुढेही टिकतो. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या सांगा, पण स्वतःहून थांबवू नका. पूर्वी चष्मा घालवण्याचं लेसर केलं असेल तर तेही सांगा, नाहीतर लेन्सच्या नंबरचं गणित चुकतं.

लेन्सबद्दल एवढंच: साधी, एका अंतराची लेन्स कमी दर्जाची नसते. तिने दूरचं उत्तम दिसतं, वाचायला चष्मा लागतो. मल्टिफोकलने चष्मा बराचसा सुटतो, पण रात्री दिव्यांभोवती वलयं दिसू शकतात. पडद्याचा आजार किंवा पुढे गेलेला काचबिंदू असेल तर ती सहसा टाळतात. आडवा-तिरपा नंबर जास्त असेल तर टोरिक विचारा.

१०. ऑपरेशननंतर किती दिवसांत दिसतं, आणि घाबरायचं कधी?

बहुतेकांना दुसऱ्या दिवशीच रंग उजळ दिसतात. चष्म्याचा नंबर चार ते सहा आठवड्यांनी काढतात. पहिल्या आठवड्यात डोळ्यात नळाचं पाणी जाऊ देऊ नका, चोळू नका, थेंब घालण्याआधी हात साबणाने धुवा. डोळा रोज थोडा थोडा बरा वाटायला हवा. बरा होता होता दुखू लागला, लाली वाढली, दिसणं कमी झालं, तर ठरलेल्या तारखेची वाट पाहू नका. आत जंतुसंसर्ग झाला असेल तर एक रात्रसुद्धा महाग पडते.

काही महिन्यांनी किंवा वर्षांनी पुन्हा धूसर दिसू लागलं तर ‘मोतीबिंदू परत आला’ असं म्हणतात, पण तसं होत नाही. लेन्सच्या मागचं आवरण गढूळ होतं. काही मिनिटांच्या यॅग लेसरने ते मोकळं करतात, टाका नाही की पट्टी नाही.

११. काचबिंदूला लक्षणंच नसतात म्हणे. मग कळणार कसा?

तपासणीनेच. डोळ्याकडून मेंदूकडे जाणारी नस हळूहळू झिजते, आणि आधी कडेचं दिसणं जातं. समोरचं अक्षर शेवटपर्यंत वाचता येतं, म्हणून माणूस निर्धास्त असतो. गेलेली दृष्टी परत येत नाही. उपचार उरलेली वाचवतात.

डोळ्याचं प्रेशर साधारण १० ते २१ धरतात, पण प्रेशर ‘नॉर्मल’ असूनही काचबिंदू असू शकतो. त्यामुळे नुसत्या प्रेशरवर समाधान मानू नका. नसेचं टोक पाहिलं का, दृष्टिक्षेत्राची चाचणी लागेल का, हे विचारा. आई-वडील किंवा सख्ख्या भावंडांत कुणाला काचबिंदू असेल तर चाळिशीपासूनच तपासणी सुरू करा. स्टेरॉइडचे थेंब दीर्घकाळ वापरणाऱ्यांना धोका कोणत्याही वयात असतो. डोळा लाल झाला की दुकानातून आणून महिनोन्‌महिने घातले जाणारे थेंब कित्येकदा हेच असतात.

एक प्रकार मात्र गाजावाजा करत येतो: डोळ्यातलं पाणी वाहून जायची वाट एकदम बंद होते, प्रेशर भडकतं, डोकं फुटेल असं दुखतं, उलट्या होतात. घरच्यांना पित्त वाटतं, दवाखान्यात पोटाचं इंजेक्शन मिळतं आणि डोळ्याकडे कुणी पाहत नाही. प्लस नंबर असलेल्यांत आणि बायकांत हा प्रकार जास्त. वेळेत कळलं तर लेसरने बुबुळात बारीक छिद्र पाडून पुढचे झटके टाळता येतात.

१२. काचबिंदूचे थेंब घालून फरक जाणवत नाही. बंद करू का?

करू नका. फरक जाणवणार नाहीच. दृष्टी आहे तिथे टिकणं हाच त्यांचा परिणाम. पद्धत मात्र तपासा. खालची पापणी ओढून एकच थेंब टाका; दुसरा मावत नाही, गालावर ओघळतो. डोळा मिटून नाकाजवळचा कोपरा बोटाने एक-दोन मिनिटं दाबून धरा, म्हणजे औषध घशात आणि रक्तात कमी जातं. दुसरं औषध असेल तर मध्ये पाच मिनिटं जाऊ द्या, नाहीतर पहिलं धुऊन निघतं. उघडलेली बाटली साधारण महिन्याभराने टाकून द्या. दमा असेल तर सांगा. टिमोलॉलच्या थेंबाने धाप वाढू शकते.

१३. मधुमेह आहे, पण दिसतं व्यवस्थित. तरी पडदा तपासायचा?

हो. पडद्यावरच्या बारीक रक्तवाहिन्या पाझरू लागल्या तरी मधला भाग कोरडा आहे तोवर दृष्टी ६/६ राहते. दिसणं कमी झाल्यावर येणाऱ्याला उपचार मिळतात, पण नुकसान आधीच झालेलं असतं. टाइप २ मध्ये निदान होताच, टाइप १ मध्ये पाच वर्षांनी, आणि मग दोघांनाही वर्षातून एकदा बाहुली मोठी करून तपासणी हवी. पडद्यावर बदल दिसले असतील तर डॉक्टर सांगतील तितक्या लवकर. चष्म्याच्या दुकानातला नंबर म्हणजे ही तपासणी नव्हे.

१४. वाचताना मधलंच अक्षर गायब होतं, दाराची चौकट वाकडी दिसते. चष्मा बदलू?

चष्म्याने सुटणारं हे दुखणं नाही. पडद्याचा मध्यबिंदू वयाने झिजला किंवा त्याखाली नव्या रक्तवाहिन्या फुटून पाझरल्या की असं होतं. झीज कोरडी असेल तर वर्षानुवर्षं संथ चालते. पाझर असेल, म्हणजे ओला प्रकार असेल, तर आठवड्यांत दृष्टी जाते, म्हणून बदल दिसताच त्याच दिवशी पडद्याचे तज्ज्ञ गाठा. उपचार म्हणजे डोळ्यात इंजेक्शन. ऐकून अंगावर काटा येतो, पण डोळा बधिर करतात आणि टोचणं काही सेकंदांत संपतं. सुरुवातीचे डोस महिन्याच्या अंतराने असतात. एकावर थांबू नका.

जीवनसत्त्वांच्या गोळ्या सरसकट सगळ्यांसाठी नाहीत. झीज मध्यम टप्प्यात असेल किंवा एका डोळ्यात पुढे गेली असेल, तरच ल्युटिन १० मिलिग्रॅम, झिअॅझँथिन २ मिलिग्रॅम, जस्त, तांबं आणि क आणि ई जीवनसत्त्वं असलेलं ठरावीक मिश्रण झीज वाढण्याचा धोका कमी करतं. सिगारेट-विडी ओढणाऱ्यांनी बीटा कॅरोटिन असलेली गोळी घेऊ नये, फुप्फुसाच्या कर्करोगाचा धोका वाढतो. खरं तर विडी सोडणं हेच मोठं औषध.

१५. डोळ्यांपुढे माश्या, जाळी तरंगते. हे किती गंभीर?

डोळ्यातला पारदर्शक जेलीसारखा पदार्थ वयाने पातळ होतो, त्यातल्या गाठींची सावली पडद्यावर पडते. वर्षानुवर्षं असलेले, नजर हलवली की हलणारे दोन-चार ठिपके निरुपद्रवी असतात.

नवे आले की गोष्ट वेगळी. पन्नाशी-साठीत हा पदार्थ पडद्यापासून सुटतो. सुटताना ओढ बसली तर पडदा फाटतो. ठिपके एकदम वाढणं, अंधारात कडेला चमक दिसणं, ही त्याची चाहूल. या टप्प्यावर फाटलेल्या जागेभोवती लेसर करून भागतं. काळी सावली सरकू लागली म्हणजे पडदा सुटायला लागला, आणि मग मोठं ऑपरेशन. मोठा मायनस नंबर असलेल्यांनी, मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेल्यांनी आणि डोळ्याला पूर्वी मार लागलेल्यांनी जास्त सावध राहावं. पहिली तपासणी ठीक आली तरी डॉक्टर काही आठवड्यांनी पुन्हा बोलावतात. ती फेरी चुकवू नका.

१६. दोन्ही डोळ्यांत नागमोडी चमचमती रेष दिसली आणि अर्ध्या तासात गेली. पडदा फाटला का?

ती दोन्ही डोळ्यांत होती, हळूहळू पसरली आणि तासाच्या आत नाहीशी झाली, तर बहुधा मायग्रेन. डोकं दुखलंच पाहिजे असं नाही. पण पन्नाशीनंतर पहिल्यांदाच असं झालं, किंवा एकाच डोळ्यात झालं, तर मायग्रेन म्हणून सोडून देऊ नका. प्रश्न १ पाहा.

१७. डोळ्यांतून सारखं पाणी येतं आणि डॉक्टर म्हणतात डोळे कोरडे आहेत. असं कसं?

अश्रूंचा तेलकट थर कमी पडला की डोळा सुकतो, चुरचुरतो, आणि त्या चुरचुरीवर पाण्याचा लोट येतो. ते पाणी टिकत नाही. दिसणं अंधुक होऊन पापणी मिटल्या-उघडल्यावर स्वच्छ होत असेल तर कारण बहुधा हेच. बंद पापण्यांवर पाच-दहा मिनिटं कोमट ओला रुमाल, दुचाकीवर डोळे झाकणारा चष्मा, एसीचा झोत तोंडावर न घेणं, मोबाइल-संगणकाच्या स्क्रीनवर काम करताना मुद्दाम पापण्या मिटणं, याने पुष्कळ फरक पडतो. कृत्रिम अश्रू दिवसातून चार-सहा वेळांपेक्षा जास्त लागत असतील तर प्रिझर्व्हेटिव्ह नसलेले घ्या. एकाच डोळ्यातून पाणी आणि कोपऱ्यात चिकट पू असेल तर अश्रूंची नळी बंद असू शकते. मोतीबिंदूच्या ऑपरेशनआधी ते बघावंच लागतं.

१८. दुसऱ्या आजाराच्या गोळ्यांनी दिसणं बिघडतं का?

काहींनी, हो. क्षयावरच्या एथॅम्ब्युटॉलने दृष्टीची नस दुखावू शकते. लाल-हिरवा रंग फिका वाटू लागला की क्षयाचा कोर्स देणाऱ्या डॉक्टरांना त्याच दिवशी कळवा. सांधेदुखीसाठी हायड्रॉक्सिक्लोरोक्विन असेल तर पहिल्या वर्षात एकदा आणि पाच वर्षांनंतर दरवर्षी पडद्याची तपासणी हवी. मूत्रपिंडाचा त्रास असेल तर त्याआधीपासूनच. स्टेरॉइड दीर्घकाळ घेतल्याने मोतीबिंदू लवकर येतो.

१९. काही त्रास नाही. मग तपासणी किती वर्षांनी आणि कुठे?

चाळिशीत एकदा पूर्ण तपासणी, मग दर दोन वर्षांनी, साठीनंतर दरवर्षी. दुकानातले ऑप्टोमेट्रिस्ट नंबर चांगला काढतात, पण प्रेशर, नस आणि पडदा नेत्रतज्ज्ञांनीच पाहायला हवा. बाहुली मोठी करणाऱ्या थेंबांचा असर चार-सहा तास राहतो. जवळचं दिसत नाही, ऊन सोसत नाही. सोबत कुणीतरी न्या, गॉगल ठेवा, गाडी स्वतः चालवू नका. जुना चष्मा, सगळ्या गोळ्यांची यादी आणि आधीचे रिपोर्ट बरोबर असू द्या. १९७६ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय अंधत्व नियंत्रण कार्यक्रमाखाली जिल्हा रुग्णालयांत मोतीबिंदूचं ऑपरेशन मोफत होतं. गावात आशाताईंकडे चौकशी करा.

२०. आजीला खोलीत अनोळखी माणसं, लहान मुलं दिसतात. तिला वेड लागतंय का? कुणी बाहेरचं म्हणतं.

दोन्ही नसण्याची शक्यता मोठी आहे. दृष्टी बरीच कमी झाली की मेंदू रिकामी जागा स्वतःच्या चित्रांनी भरतो. या प्रकाराला चार्ल्स बॉनेट सिंड्रोम म्हणतात. चित्रं स्पष्ट आणि मूक असतात, बोलत नाहीत, आणि ‘हे खरं नाही’ हे आजीला बहुधा समजत असतं. डोळे मिचकावले, नजर फिरवली किंवा दिवा लावला की ती अनेकदा जातात. अंगारे-धुपारे नकोत, झोपेच्या गोळ्याही नकोत. मोतीबिंदू किंवा चष्म्याचा नंबर यांत काही सुधारण्यासारखं आहे का, ते तपासून घ्या. आवाजही ऐकू येत असतील, ती घाबरून त्यांच्याशी भांडत असेल, विसरभोळेपणा वाढला असेल किंवा हे तापात नाहीतर नव्या गोळीनंतर सुरू झालं असेल, तर कारण दुसरं आहे आणि डॉक्टर मेंदूचे किंवा मनाचे लागतील. आणि आजीला सरळ विचारा. पुष्कळ म्हातारी माणसं लोक वेडं ठरवतील या भीतीने हे कुणालाच सांगत नाहीत.